गुस्टाव्ह चेर्माक

बिहारमधील शेरघाटी या गावी २५ ऑगस्ट १८६५ रोजी आकाशातून एक पाषाण कोसळला. त्याचे वजन सुमारे पाच किलोग्रॅम होते. पुढे त्याचा एक तुकडा युरोपातील व्हिएन्ना नगरीत एका थोर खनिजशास्त्रज्ञाच्या हाती पडला. गुस्टाव्ह चेर्माक हे त्यांचे नाव.

चेर्माक यांचा जन्म १८३६ साली, त्या काळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील मोराव्हिया प्रांतात झाला. व्हिएन्नाच्या बादशाही खनिजसंग्रहालयाचे प्रमुख म्हणून आणि तेथील विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. फेल्डस्पार या खनिजकुळाची रचना उलगडून दाखविण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

हे फेल्डस्पार आपणांस परके नाही. कोल्हापूरच्या परिसरातील काळ्या पाषाणात त्याचे कण विपुल असतात. कवायतीस उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे त्या कणांतील अणू ओळीने रचलेले असतात. म्हणून कणाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट प्रकाशात फिरविली, की ती आळीपाळीने उजळते व काळवंडते. काचेतील अणूंस अशी शिस्त नसते. ती कशीही फिरविली तरी काळीच दिसते.

शेरघाटीच्या पाषाणात चेर्माक यांस विलक्षण प्रकार आढळला. त्यातील कणांची घडण फेल्डस्पारसारखी होती; परंतु प्रकाशात ते काचेप्रमाणे वागत होते! हे स्वतंत्र खनिज असावे, असे त्यांस वाटले. १८७२ साली त्यांनी त्याचे काटेकोर वर्णन केले आणि इंग्रज खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांच्या सन्मानार्थ त्यास मॅस्केलिनाइट हे नाव दिले. ही काच कशी झाली, हे कोडे मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाही. १९२७ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे देहावसान झाले.

१९६३ साली अमेरिकेतील संशोधकांनी खडकास स्फोटाचा प्रचंड धक्का दिला, तेव्हा त्यातील फेल्डस्पारचे मॅस्केलिनाइट झाले. हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणमात्र पडला, की अणूंच्या ओळी मोडतात. पण कणास वितळून वाहून जाण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून आकार राहतो आणि आतली शिस्त नाहीशी होते. शेरघाटीचा पाषाण मंगळावरून आला असे आज मानतात. तेथेच त्याने तो आघात सोसला होता.

या ज्ञानाचा लाभ महाराष्ट्रासही झाला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद फार जुना होता. तेथील खडकही कोल्हापूरप्रमाणेच काळा, लाव्हारसाचा. त्यामुळे ज्वालामुखीची शंका सहज येई. १९७३ साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथील खडकांच्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट असल्याचे प्रसिद्ध केले. ज्वालामुखीच्या अंगी असा आघात करण्याचे सामर्थ्य नसते. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या त्या विवराचे रहस्य एका सूक्ष्म कणाने उघड केले.

चेर्माक यांनी लोणार पाहिले नव्हते. पण कारण ठाऊक नसतानाही, जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. त्या नोंदीमुळेच शंभर वर्षांनी लोणारची साक्ष ओळखता आली.