राष्ट्रगीत लिहिणारे गुरांचे डॉक्टर



आज मी तुम्हांला तुर्कस्तानातील एका थोर कवीची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव मेहमेत आकिफ एर्सोय. गंमत म्हणजे ते गुरांचे डॉक्टर होते!

त्यांचा जन्म १८७३ साली इस्तंबूल शहरात झाला. वडील मदरशात शिकवत. ते लवकर वारले, त्यातच घर आगीत जळाले. लवकर पोटापाण्याला लागता यावे म्हणून आकिफ गुरांच्या डॉक्टरकीकडे वळले. १८९३ साली ते पहिल्या नंबराने पास झाले. नोकरीत गावोगाव फिरताना गरीब शेतकरी कसा जगतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्या काळी तुर्कस्तान युरोपच्या मागे पडला होता. लढायाही हरत होता. आता काय करायचे, यावर मोठा वाद पेटला. अब्दुल्ला जेव्देत यांच्यासारखे लोक म्हणत की, युरोपचे सगळेच घ्या. जुन्या वळणाच्या मंडळींना नवे काहीच नको होते. आकिफ यांचे म्हणणे निराळे होते. युरोपचे विज्ञान शिका, कष्ट करा, पण आपला धर्म आणि नीती सोडू नका, असे ते सांगत. त्यासाठी ते जपानचा दाखला देत. आळशी लोकांना आणि धर्माच्या नावाखाली अज्ञान पसरवणाऱ्यांनाही त्यांनी कवितेतून चांगलेच फटकारले.

पहिल्या महायुद्धानंतर परकी फौजा देशात घुसल्या. तेव्हा आकिफ स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. राष्ट्रगीतासाठी स्पर्धा ठेवली होती. ७२४ कविता आल्या. बक्षीस होते ५०० लिरा. पैशासाठी देशाचं गीत लिहायचं नाही, म्हणून आकिफ यांनी भागच घेतला नव्हता. शिक्षणमंत्र्यांनी विनंती केल्यावर त्यांनी गीत लिहिले. १२ मार्च १९२१ रोजी ते मंजूर झाले. बक्षिसाची रक्कम त्यांनी गरीब बायकामुलांना काम शिकवणाऱ्या संस्थेला दिली. म्हणतात की, त्या थंडीत त्यांच्या अंगावर स्वतःचा कोटसुद्धा नव्हता!

१९२३ साली देश प्रजासत्ताक झाला. केमाल अतातुर्क यांनी झपाट्याने सुधारणा केल्या. १९२५ साली फेज टोपीवर बंदी आली. १९२६ साली नवा कायदा होऊन पुरुषांना एकाहून जास्त लग्ने करायला बंदी झाली. १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. १९३४ साली बायकांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला. देशाची ही वाट आकिफ यांना मानवली नाही. ते इजिप्तला जाऊन राहिले. १९३६ साली आजारी होऊन परतले आणि २७ डिसेंबरला वारले. सरकारी इतमाम नव्हता, पण कॉलेजच्या मुलांनी त्यांची शवपेटी खांद्यावरून नेली.

मला वाटतं, या वादात दोन्हीकडे थोडं थोडं खरं होतं. बायकांना हक्क मिळाले हे फार चांगलं झालं. पण लिपी बदलल्यावर नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येईनात, हेही खरंच. ज्यांनी राष्ट्रगीत दिलं, त्यांनाच परदेशी दिवस काढावे लागले, याचं मला वाईट वाटतं. मत पटलं नाही तरी माणसाचा मान राखावा. आजही तुर्कस्तानातली मुलं शाळेत त्यांचंच गीत म्हणतात.

– इयत्ता सातवी