फरीदसाहेब सतारमेकर

शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी, भाले यांना धार लावणारा आणि त्यांची डागडुजी करणारा कारागीर. फरीदसाहेब मिरजेतील अशाच एका शिकलगार घराण्यातले. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल बसला. लढाया थांबल्या. तलवारी म्यानातच गंजू लागल्या. शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. आता पोट कसे भरावे?

मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे गाण्याचे मोठे चाहते. त्यांच्याकडे गवयांचे येणे-जाणे असे. परंतु सतारी व तंबोरे उत्तर हिंदुस्थानातून येत; प्रवासात एखाद्या वाद्याचा भोपळा तडकला किंवा दांडी वाकली, तर ते नीट करणारा कोणी जवळपास मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी हे दुरुस्तीचे काम हाती घेतले.

शस्त्र आणि सतार यांचे नाते ते काय, असे कोणासही वाटेल. पण तंबोऱ्याची घोडी पाहावी. तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा किंचित उतरता घासावा लागतो, तेव्हाच तार गुंजते, हीच जवारी. कानस एकदा जास्त फिरली की आवाज बसलाच! पात्याची धार बोटाने जोखणाऱ्या हातांना हे काम जमले, यात नवल नाही.

मोडके वाद्य उघडले की ते कसे घडवले आहे, हेही दिसते. दुरुस्ती करता करता फरीदसाहेब नवी वाद्ये बनवू लागले. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूस पिकत. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवायचा, कापून आतून साफ करायचा, त्याला हवा तसा आकार द्यायचा, मग तुणाच्या लाकडाची दांडी जोडायची. घाई केलेली या कामाला खपत नाही.

हळूहळू मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव दूरवर पोहोचले. थोर गायक अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेसच राहिले. इ. स. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांचे वंशज आता सतारमेकर म्हणून ओळखले जातात, आणि तडकलेल्या भोपळ्यांचे तंबोरे अजूनही त्यांच्या लहानशा दुकानांत दुरुस्तीस येतात.