पाणी आणि माती यांचा सत्यशोधक : महात्मा जोतीराव फुले

एप्रिल महिना उजाडला की आपल्या शाळेच्या आवारात जयंतीची लगबग सुरू होते. 11 एप्रिलला महात्मा फुले आणि 14 एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या दोन दिवसांमधला काळ आपल्यासाठी अभिवादनाचा आणि आत्मपरीक्षणाचा असतो. अलीकडे या दिवसांत पर्यावरणाचे कार्यक्रमही होऊ लागले आहेत. मुले रोपे आणतात, पाणी वाचवण्याच्या घोषणा लिहितात, प्रभातफेरी काढतात. जोतीरावांचे नाव मात्र आपण बहुधा मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि गुलामगिरीविरुद्धचा लढा एवढ्यापुरतेच घेतो. माती, पाणी, गायरान आणि जंगल यांविषयी या महापुरुषाने किती बारकाईने विचार केला होता, हे त्यांच्या चरित्राच्या कडेला राहून जाते. प्रवरेच्या पाटपाण्यावर उभ्या राहिलेल्या श्रीरामपूर परिसरातील वाचकांना ते विशेष जवळचे वाटेल, म्हणून हा अल्प प्रयत्न.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी झाला. घराणे मूळचे सातारा भागातील कटगुणचे, गोऱ्हे आडनावाचे. पुण्यात येऊन फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांची थोडी शेती होती आणि फुलांचे दुकानही होते. आई चिमणाबाई बाळपणीच निवर्तल्या आणि मावसबहीण सगुणाबाई यांनी या मुलाला वाढवले. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतात आणि बागेत कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधली ती वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. खुरपे हाती धरलेला, वाफ्याला पाणी दिलेला हा विद्यार्थी पुढे शेतीवर लिहू लागला, तेव्हा त्याच्या लेखणीला मातीचा अनुभव होता.

1848 हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले आणि त्या वळणावर आपला जिल्हा उभा आहे. मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत जोतीराव अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. तेथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि पुण्यास परतल्यावर त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे. समाजाच्या दडपणामुळे 1849 साली पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही काम थांबले नाही. शाळा वाढत गेल्या, अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही वर्ग उघडले आणि 1852 मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

शिक्षणानंतर त्यांनी हात घातला तो पाण्याच्या प्रश्नाला. त्या काळच्या पुण्यात अस्पृश्यांना सार्वजनिक हौदावर पाणी भरण्यास बंदी होती. उन्हाळ्यात कोणी तरी वरून ओतील या आशेवर घागर घेऊन तासन्‌तास उभे राहावे लागे. 1868 साली जोतीरावांनी आपल्या राहत्या घरातील हौद या लोकांसाठी खुला केला. अर्ज, सभा, ठराव यांची वाट त्यांनी पाहिली नाही. जे स्वतःच्या मालकीचे होते, ते सर्वांचे केले. त्यानंतर 59 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्राशन केले. बुद्ध आणि कबीर यांच्यासमवेत बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले आणि शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील आपला 1946 सालचा ग्रंथ त्यांना अर्पण केला. गंज पेठेतला तो हौद आणि महाडचे ते तळे यांना जोडणारी वाट आपल्या इतिहासाची राजवाट आहे.

पाणी सर्वांचे आहे, हे एकदा मान्य केले की ते टिकवायचे कसे, हा दुसरा प्रश्न लगेच समोर येतो. जोतीराव त्या प्रश्नापाशी व्यवसायाच्या वाटेने पोहोचले. उपजीविकेसाठी ते कंत्राटदारी करीत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाचे बांधकाम चालू असताना बांधकामाचे साहित्य पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या धरणाचा कालवा आल्यावर त्याच्या पाण्यावर शेती करण्यास पुष्कळ शेतकरी सुरुवातीस धजावत नव्हते. तेव्हा जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेऊन स्वतः बागायत करून दाखवली. त्याच वेळी सरकारी कामातील लाचलुचपत, मजुरांची पिळवणूक आणि पाणी वाटणाऱ्या खात्याची बेफिकिरी त्यांनी जवळून पाहिली. म्हणूनच धरणाचे महत्त्व ओळखणारा हा माणूस धरणखात्याचा भाट झाला नाही.

याच दशकात दख्खनची शेती मोडकळीस आली होती. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. लगोलग 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला. 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने त्या संकटात मदतकार्य केले आणि पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळपीडितांच्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. सावित्रीबाई आणि कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. ओस पडलेली गावे, पाला खाऊन जगणारी माणसे, चाऱ्यावाचून मेलेली गुरे हे सारे जोतीरावांनी डोळ्यांनी पाहिले. दुष्काळ केवळ पाऊस न पडल्यामुळे येतो, हे उत्तर त्यांना पटेना. पडलेला पाऊस कोठे जातो, माती का झिजते आणि शेतकऱ्याची गुरे का घटली, याचा शोध ते घेऊ लागले.

त्या शोधाचे फळ म्हणजे 18 जुलै 1883 रोजी पूर्ण झालेला शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ. अज्ञान, धर्माच्या नावावरील लूट, कर्ज आणि सारा यांमुळे शेतकरी कसा नागवला गेला, हे त्यांनी पहिल्या प्रकरणांत मांडले. शेवटच्या प्रकरणात उपाय सांगितले आणि तेथे त्यांच्यातील बागाईतदार बोलू लागतो.

त्यांचे निरीक्षण असे होते. रानातील पाने, फुले, मेलेले कीटक आणि जनावरांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतात मुरत. ते खत फुकट मिळे आणि जमीन कसदार राही. जंगल खाते स्थापन झाल्यावर डोंगर, दऱ्या, गायराने सरकारजमा झाली. शेतकऱ्याच्या शेळीलाही तेथे पाय ठेवण्याची मुभा उरली नाही. गुरे कमी झाली, म्हणजे शेणखत कमी झाले. त्याच त्या जमिनीत विश्रांतीवाचून पीक घ्यावे लागले आणि तिचा जोम ओसरला. जंगल, गुरे, खत, माती आणि पीक अशी ही साखळी आहे, तिचा एक दुवा काढला की सारी तुटते, हे त्यांनी परिसंस्था हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

उपायही त्यांनी तितकेच नेमके सुचवले. पोलीस आणि पलटणीतील रिकाम्या हातांना कामाला लावून जागोजाग ताली आणि बंधारे अशा रीतीने घालावेत की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मग उरलेले ओढ्यानाल्यांना मिळावे. डोंगरांच्या खोऱ्यांत सोयीच्या ठिकाणी तलाव बांधावेत आणि जुन्या तळ्यांची दुरुस्ती करावी. नदीनाल्यांतील व तळ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत द्यावीत, मात्र सरपण विकण्यासाठी आणि इमारतीच्या लाकडासाठी तेथे तोड होऊ देऊ नये. जमिनीखालचे झरे ओळखणाऱ्या पाणाड्यांचा शोध घेऊन त्यांना बक्षिसे द्यावीत. कालव्याचे पाणी अंदाजाने न सोडता तोट्या बसवून प्रत्येकाला गरजेपुरते मोजून द्यावे. उत्तम पीक आणि उत्तम जनावरे यांची प्रदर्शने भरवून शेतकऱ्यांचा गौरव करावा आणि त्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे.

तत्कालीन सरकारने या सूचना जशाच्या तशा उचलल्या, असे झाले नाही. मात्र आज पाणलोट क्षेत्र विकास, मृदसंधारण, गाळमुक्त तलाव, मोजून पाणी या नावांनी जे काम चालते, त्याचा आराखडा या पानांत सापडतो. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने आपल्या जल आणि भूमी संधारणाच्या अभियानाला महात्मा फुले यांचे नाव दिले. 1968 साली स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठही त्यांचेच नाव धारण करते आणि ते आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच जिल्ह्यातील गावांनी बांधबंदिस्ती, वनीकरण आणि पाण्याचा हिशेब यांच्या बळावर कायापालट घडवून आणला.

बागायती श्रीरामपूरला या विचाराची दुसरी बाजू अधिक लागू पडते. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी येथील कोरडवाहू जमिनीचे रूप पालटले. ऊस आला, कारखानदारी आली, बाजारपेठ वाढली. परंतु निचऱ्याकडे दुर्लक्ष करून काळ्या जमिनीला पाणी देत राहिले, की पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि सोन्यासारखी जमीन चोपण होते. पाणी मोजून द्यावे, हा जोतीरावांचा आग्रह पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी होता, पण त्यात मातीचेही रक्षण होते. दुष्काळी गावाला पाणी अडवण्याचा धडा घ्यावा लागतो, तर पाटाच्या गावाला पाणी आवरण्याचा.

1888 साली ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव सामान्य शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि देशातील खरी प्रजा अशी दिसते, हे त्यांनी पाहुण्यांस सुनावले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली आणि पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

या जीवनातून आपल्या कार्यक्रमांना एक साधी शिस्त घेता येईल. 11 एप्रिल हा भर उन्हाळ्यातला दिवस. त्या दिवशी लावलेले रोप छायाचित्रात हिरवे दिसते आणि सुट्टी लागताच वाळून जाते. हे दिवस खड्डे खणण्याचे, चर काढण्याचे, गाळ उपसण्याचे आहेत. जयंतीला आपण श्रमदान करावे. रोपे लावावीत ती आषाढात, असूड पूर्ण झाला त्या जुलैच्या सुमारास. तोच वर्षावासाच्या आरंभाचा काळ. पावसाळ्यात उगवते कोंब आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हाही भिक्खूंनी एका जागी राहण्यामागचा विचार होता. आणि 28 नोव्हेंबरच्या स्मृतिदिनी प्रत्येक वर्गाने आपापली रोपे मोजावीत. किती जगली, किती गेली आणि का गेली, याची नोंद फळ्यावर सर्वांसमोर लिहावी. कटू असले तरी सत्य लपवू नये, हीच सत्यशोधकाची रीत आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शेती करतात, कोणी पाटबंधारे खात्यात आहेत, कोणी शिक्षक आहेत. पालकांमध्ये बागाईतदार आहेत आणि शेतमजूरही आहेत. ज्यांच्या पूर्वजांना हौदाला हात लावता येत नव्हता, त्यांची मुले या वसतिगृहातल्या टाकीचे पाणी निःसंकोच पितात. त्या पाण्याचा हक्क एका महात्म्याने आपल्या अंगणापासून मिळवून देण्यास आरंभ केला. ते पाणी पुढच्या पिढीसाठी राखण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे. नळ वाहता दिसला तर तो बंद करणे, बांधावरचे झाड न तोडणे, ओढ्यात कचरा न टाकणे, शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी न चोरणे, या लहान गोष्टींतूनच ते काम सुरू होते.

क्रांतिसूर्य महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!