सफरचंदाच्या झाडाचे कपाट

फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेले एक इंग्रजी पुस्तक मी मुलीला रोज रात्री थोडे थोडे मराठीत सांगत असे. पुस्तकाचे नाव ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’. त्यातल्या डिगरी नावाच्या मुलाची आई अंथरुणाला खिळलेली असते. डॉक्टरांनी आशा सोडलेली. शेवटी दुसऱ्या जगातून आणलेले सफरचंद तो तिला भरवतो आणि ती बरी होते. तिथवर आलो तशी पांघरुणातून डोके वर काढून मुलीने विचारले, की ज्यांनी ही गोष्ट लिहिली त्यांची आई बरी झाली होती का? मला ठाऊक नव्हते. मी दिवा मालवला. प्रश्न मात्र मालवला नाही, आणि त्यापायीच मी सी. एस. लुईसच्या आयुष्याच्या वाटेला गेलो.

लुईस बेलफास्टचा. जन्म २९ नोव्हेंबर १८९८. घरात त्याला जॅक म्हणत. वडील वकील, आई फ्लोरा गणित आणि तर्कशास्त्र शिकलेली पदवीधर. मुलाला फ्रेंच आणि लॅटिनचे पहिले धडे तिनेच दिले. तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉर्नी. या वॉर्नीने एकदा बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात शेवाळ, काटक्या आणि फुले मांडून इवलीशी बाग केली. त्या झाकणाकडे पाहताना जॅकला पहिल्यांदाच काहीतरी सुंदर दिसले आणि ते कायमचे मनात राहिले. दोघा भावांनी कागदावर आपापले देशही वसवले होते. जॅकच्या देशात कपडे घातलेले प्राणी राहत. वॉर्नीचा देश होता चक्क हिंदुस्थान! दोन्ही देशांत बोटी चालवायच्या म्हणून हिंदुस्थानचे बेट करून टाकले आणि हिमालयाच्या पाठीमागे समुद्र आणून सोडला. आपल्याला न विचारता आपला नकाशा बदलणारे इंग्रज पुष्कळ झाले. यांना मात्र मी मोठ्या आनंदाने माफ केले आहे.

त्या घरात आजोबांनी स्वतःच्या हाताने कोरीव काम केलेले, कपडे टांगण्याचे उंच लाकडी कपाट होते. मुले त्यात जाऊन बसत आणि जॅक अंधारात गोष्टी सांगे.

१९०८ साली फ्लोराला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया घरातच झाली. आई जगावी म्हणून नऊ वर्षांच्या जॅकने देवाची प्रार्थना केली. २३ ऑगस्टला ती गेली. त्या दिवशी वडिलांचा वाढदिवस होता. महिनाभराच्या आतच पोराला समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या एका वसतिगृहाच्या शाळेत पाठवून दिले. ती शाळा पुढे बंद पडली आणि तिच्या हेडमास्तरांना वेड लागले.

मधली वर्षे मी भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धात एकोणिसाव्या वाढदिवशीच तो फ्रान्समधल्या खंदकांत पोहोचला आणि १९१८ साली जखमी होऊन परतला. १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अध्यापन केले. टॉल्किनची मैत्री झाली, नास्तिक होता तो ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला. १९५० ते १९५६ या काळात त्याची नार्नियाची सात पुस्तके आली. टॉल्किनला ती आवडली नाहीत. नाना पुराणांतली पात्रे एकाच ताटात वाढलेली त्याला रुचली नाहीत.

मला या पुस्तकांत सगळ्यात भुरळ घालतात ती दारे. पहिल्या पुस्तकात फरकोटांनी भरलेले कपाट आहे. मूल कोट बाजूला सारत आत जाते तो मागची फळी लागतच नाही. पायाखाली बर्फ लागतो. पुढे कुठे भिंतीवरचे जहाजाचे चित्र, कुठे शाळेच्या कुंपणातला दरवाजा, कुठे रेल्वेचे फलाटही दार होते. तिकडे अख्खे राज्य करून परतावे तर इकडे क्षणही सरलेला नसतो. आपल्याकडे रेवतीचा बाप ककुद्मी ब्रह्मलोकी जाऊन येतो तेवढ्यात पृथ्वीवर युगे उलटतात. लुईसने हिशेब नेमका उलटा मांडला.

पण डिगरीच्या पुस्तकातले रान या सगळ्यांवर ताण करते. पिवळी अंगठी बोटात घातली की माणूस या जगातून एका निःशब्द रानात पोहोचतो. तिथे झाडांखाली सारखी दिसणारी असंख्य डबकी आहेत आणि प्रत्येक डबक्याच्या तळाशी एक जग. हिरवी अंगठी घालून उडी मारायची. ते रान कुठलेच जग नव्हे, नुसता जगांमधला चौक. तिथे झोप येते, आपण कोण याचा विसर पडतो. मुले नव्या डबक्यात उडी मारायच्या बेतात असतात, तेव्हा ध्यानात येते की घरच्या डबक्याला खूणच केलेली नाही. मग डिगरी चाकूने हिरवळीची एक पट्टी कापून ठेवतो. परतीची खूण विसरणे ही केवढी भीती असते, ते ज्याचे घर नवव्या वर्षी मोडले त्यालाच ठाऊक.

चेटकीण डिगरीला सांगते, की झाडाचे फळ चोर आणि सरळ आईकडे ने. तो चोरत नाही. नंतर सिंहच त्याला फळ देतो. आईने खाल्लेल्या सफरचंदाचा गाभा डिगरी परसात पुरतो. झाड वाढते, वादळात पडते. त्याचे सरपण करण्याचे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो त्या लाकडाचे कपाट करून घेतो. पहिल्या पुस्तकातले कपाट ते हेच! पाच वर्षे वाचकांनी न विचारता ज्या दारातून ये-जा केली, ते दार एका मुलाची आई वाचली त्या फळाच्या झाडाचे निघाले.

हे पुस्तक पुरे करायला लुईसला सातांपैकी सर्वांत जास्त काळ लागला. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याचे आत्मचरित्रही आले, आणि त्यात आई मरते. एका हाताने दोन्ही लिहिली. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला हे असे मिळाले.

पुढच्याच वर्षी, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी नोंदणी विवाह केला. थोड्याच महिन्यांत तिला कर्करोग निघाला. तिला दोन लहान मुलगे होते. म्हणजे पुन्हा तेच घर, तीच खोली. मार्च १९५७ मध्ये इस्पितळातल्या खाटेशेजारी धर्मगुरूने त्यांचे लग्न लावले, तेव्हा ती काही दिवसांची सोबती होती. आणि दुखणे चक्क हटले! ती चालू लागली, दोघे ग्रीसलाही जाऊन आली. कुणीतरी सफरचंद दिले होते म्हणायचे. १३ जुलै १९६० रोजी ती गेली. त्या दुःखावर त्याने टोपणनावाने एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात जादू नाही, दार आहे तेही तोंडावर आपटून बंद झालेले.

लुईस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी वारला. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाल्याने त्याच्या जाण्याची बातमी झाकोळली. आजोबांचे कपाट आता अमेरिकेत, इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात आहे. वॉर्नी १९७३ पर्यंत जगला. ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन क्वॉरीच्या चर्चच्या आवारात दोघा भावांची एकच कबर आहे. जॅकसाठी वॉर्नीने तिथल्या दगडावर शेक्सपिअरची एक ओळ कोरवून घेतली. आई गेली त्या दिवशी बेलफास्टच्या घरातल्या कॅलेंडरच्या पानावर तीच ओळ होती.