घरच्या घरी विमान बनवा म्हणणारा माणूस : आंरी मिन्ये

ज्याला लाकडी खोकं ठोकता येतं, त्याला विमानही बनवता येतं, असं सांगणारा एक फ्रेंच माणूस होऊन गेला. नाव आंरी मिन्ये, जन्म १८९३ चा.

नेहमीची विमानं उडवणं त्याला काही जमेना. मग त्याने स्वतःला जमेल असं विमानच बनवलं. ६ मीटरच्या आसपास पंख, मोटरसायकलचं इंजिन आणि पायात पेडल नाहीत, सगळं एका दांड्यावर. १९३३ मध्ये ते उडालं. पुढच्याच वर्षी ते कसं बनवायचं याचं पुस्तक आलं. १९३५ मध्ये या 'उडत्या पिसू'तून त्याने इंग्लिश खाडी पार केली आणि लोक घरोघरी पिसू ठोकायला बसले.

पण मग माणसं मरायला लागली. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की जवळजवळ असलेल्या दोन पंखांमुळे ते वर येईना. दांडा ओढला तर आणखी खाली. १९३६ मध्ये विंड टनेलमधल्या चाचण्यांत हा दोष सापडला. ब्रिटनने परवाने देणं थांबवलं.

मिन्येने दोष काढून नवी मॉडेल्स आणली, पण ती लाट परत आली नाही. १९६५ मध्ये तो गेला. त्याच्या धाटणीची विमानं मात्र हौशी लोक नंतरही बनवत राहिले.