अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षाची मुलगी बापाला भेटायला निघाली आणि समुद्रात कायमची गायब झाली

३१ डिसेंबर १८१२. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या जॉर्जटाऊन बंदरातून 'पेट्रियट' नावाचं एक शिडाचं जहाज न्यूयॉर्ककडे निघालं. जहाजावर राज्याच्या गव्हर्नरची २९ वर्षांची बायको होती. न्यूयॉर्कमध्ये तिचे वडील तिची वाट बघत होते. चार वर्षांहून जास्त काळ बापलेकीची भेट झाली नव्हती.

ते जहाज न्यूयॉर्कला पोहोचलंच नाही.

तिचं नाव थिओडोसिया बर ऑल्स्टन. तिचे वडील म्हणजे अमेरिकेचे तिसरे उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर.

थिओडोसियाचा जन्म १७८३ चा. तेव्हा बड्या घरातल्या मुलींना शिवणकाम, संगीत आणि थोडंफार फ्रेंच आलं की शिक्षण झालं असं मानायचे. ॲरन यांना ते पटत नव्हतं. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं. मुलीची बुद्धी मुलापेक्षा कमी नसते, हे त्यांना आपल्या लेकीला शिकवून दाखवून द्यायचं होतं. म्हणून तिला लॅटिन, ग्रीक, गणित सगळं शिकवलं. कामासाठी बाहेरगावी असले की ते पत्रं लिहायचे आणि तिच्या पत्रातल्या चुकाही काढायचे.

ती अकरा वर्षांचीही नव्हती तेव्हा आई वारली. पुढे घरी येणाऱ्या पाहुण्यांची सरबराई तिच्याकडेच आली. मोहॉक जमातीचे नेते जोसेफ ब्रँट आले तेव्हा वडील घरी नव्हते. किशोरवयातल्या थिओडोसियानंच त्यांना मेजवानी दिली.

फेब्रुवारी १८०१ मध्ये तिचं जोसेफ ऑल्स्टनशी लग्न झालं. गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या भातशेतीचा तो श्रीमंत मालक. पुढच्याच महिन्यात वडील उपराष्ट्राध्यक्ष झाले. १८०२ मध्ये मुलगा झाला, त्याला आजोबांचंच नाव दिलं. पण बाळंतपणानंतर थिओडोसियाची तब्येत जी ढासळली, ती पुन्हा सावरली नाही.

इकडे वडिलांचेही दिवस फिरले. १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात त्यांच्या गोळीनं अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा जीव गेला आणि त्यांची राजकीय कारकीर्द संपल्यात जमा झाली. १८०७ मध्ये तर त्यांच्यावर थेट देशद्रोहाचा खटला चालला. पश्चिमेकडचा प्रदेश देशापासून तोडण्याचा कट केल्याचा आरोप होता. आजारी थिओडोसिया खटल्यासाठी रिचमंडला जाऊन वडिलांच्या पाठीशी उभी राहिली. ते निर्दोष सुटले, पण लोकांच्या मनातून उतरले ते उतरलेच.

१८०८ मध्ये ते युरोपला निघून गेले. भल्याभल्यांनी पाठ फिरवली होती, पण लेकीनं साथ सोडली नाही. तिनं त्यांच्यासाठी पैसे जमवायची धडपड केली. त्यांना मायदेशी परतता यावं म्हणून अर्थमंत्री आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीलाही पत्रं लिहिली.

अखेर १८१२ च्या उन्हाळ्यात ॲरन परत आले. पण भेटीचा आनंद नशिबात नव्हता. त्याच जूनमध्ये थिओडोसियाचा दहा वर्षांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. ती पार खचली.

ब्रिटनशी युद्ध सुरू होतं. नुकताच गव्हर्नर झालेला नवरा राज्य सोडून जाऊ शकत नव्हता. म्हणून तिला आणायला ॲरन यांनी आपल्या एका मित्राला पाठवलं. अशक्त झालेल्या थिओडोसियाला जमिनीवरचा लांबचा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून समुद्राचा मार्ग ठरला.

जानेवारीच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ मोठं वादळ झालं. हा किनारा जहाजं बुडण्यासाठी आधीच कुप्रसिद्ध. 'पेट्रियट' तिथंच बुडालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ना अवशेष मिळाले, ना कुणी वाचलं.

मग अफवांना ऊत आला. चाच्यांनी तिला मारलं, असं कुणी सांगायचं. मरता मरता तशी कबुली देणारे खलाशीही निघाले. १८६९ मध्ये नॅग्ज हेड या गावात एका म्हातारीनं डॉक्टरला फीच्या बदल्यात एका तरुणीचं जुनं चित्र दिलं. ते किनाऱ्याला लागलेल्या एका बेवारस जहाजातून आणलेलं होतं म्हणे. ते चित्र थिओडोसियाचं असल्याचं अनेकांना वाटलं, पण ते कधीच सिद्ध झालं नाही. आज ते येल विद्यापीठाच्या एका ग्रंथालयात आहे.

नवरा १८१६ मध्ये वारला. ॲरन १८३६ पर्यंत जगले. लेक कुठंतरी कैदेत जिवंत आहे, या अफवेवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. जिवंत असती, तर कुठलाही तुरुंग फोडून ती आपल्यापर्यंत आली असती, याची त्यांना खात्री होती.