स्तनाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणाची वाट दाखवणारे सर जॉर्ज बीटसन

स्तनाच्या कर्करोगाचे निदान करताना गाठीचा तुकडा केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आज पुरेसे मानले जात नाही. त्या ऊतकात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही आहेत का, हर-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढले आहे का, हे तपासून उपचारांची दिशा ठरवली जाते. या वर्गीकरणाचा माग काढत गेल्यास स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक सर जॉर्ज थॉमस बीटसन यांच्यापर्यंत पोहोचता येते.

बीटसन यांचा जन्म १८४८ मध्ये तत्कालीन सिलोनमधील त्रिंकोमाली येथे झाला. केंब्रिज व एडिंबरा येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी जंतुविरोधी शस्त्रक्रियेचे प्रणेते जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली काम केले. तरुणपणी एका रुग्णाच्या देखभालीसाठी ते ग्रामीण भागात राहिले होते. तेथे फावला वेळ बराच मिळे. त्या काळात त्यांनी मेंढ्यांच्या दुग्धस्रवणाचा अभ्यास केला आणि पुढे एम.डी.च्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला. व्यालेल्या गाईचे बीजकोष काढल्यास ती दीर्घकाळ दूध देत राहते, हा काही देशांतील पशुपालकांचा अनुभवही त्यांच्या वाचनात आला. स्तन आणि बीजकोष हे परस्परांपासून दूर असलेले अवयव. तरीही एकाचे दुसऱ्यावर नियंत्रण असावे, असे अनुमान त्यांनी काढले. संप्रेरकासाठी वापरला जाणारा 'हॉर्मोन' हा शब्द १९०५ मध्ये रूढ झाला, हे लक्षात घेता या अनुमानाचे धाडस ध्यानात येते.

ग्लासगो येथे १८९५ मध्ये ३३ वर्षांची एक महिला त्यांच्याकडे आली. स्तन काढूनही तिचा कर्करोग उलटला होता. नेहमीच्या शस्त्रक्रियेने काही साध्य होण्यासारखे उरले नव्हते. बीटसन यांनी तिचे दोन्ही बीजकोष काढले. काही महिन्यांत गाठी विरत गेल्या आणि ती महिला त्यानंतर सुमारे चार वर्षे जगली. हा वृत्तांत १८९६ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कर्करोग परजीवी जंतूंमुळे होतो, असे मानणाऱ्यांची संख्या त्या वेळी मोठी होती. बीटसन यांना ते मत मान्य नव्हते.

मात्र, इतर शल्यचिकित्सकांनी हीच शस्त्रक्रिया केली तेव्हा सर्वांना गुण आला नाही. लंडनचे स्टॅनली बॉईड यांनी १९०० मध्ये उपलब्ध रुग्णांची माहिती संकलित केली असता साधारण एक तृतीयांश महिलांनाच लाभ झाल्याचे आढळले. उर्वरित महिलांना शस्त्रक्रियेचा त्रास तेवढा सोसावा लागला. कोणाला लाभ होईल, हे आधी ओळखण्याचे साधनच नव्हते.

त्याचे उत्तर बीटसन यांच्या हयातीत मिळाले नाही. त्यांना १९०७ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. ग्लासगोच्या कर्करोग रुग्णालयाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन वापरून पेशींमधील ग्राहीचा शोध लावला. ज्या गाठीत हा ग्राही आढळत नाही, ती संप्रेरक रोखण्याच्या उपचाराला सहसा दाद देत नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जनुकांच्या सक्रियतेवरून या रोगाचे रेण्वीय उपप्रकार २००० मध्ये मांडण्यात आले. त्यांतील 'ल्युमिनल' नावाच्या प्रकारांत इस्ट्रोजेनचे ग्राही सामान्यतः आढळतात.